नाक चाटेपर्यंत थांबायचं

आमच्या कुत्र्याचं नाव बोका. सासऱ्यांनी त्याला कोटाच्या खिशात घालून आणलं तेव्हा तो मूठभर होता आणि त्याच्या घशातून धड आवाजही निघत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "हा कुठला बोका उचलून आणलात?" नाव चिकटलं ते चिकटलंच. आता तो नऊ वर्षांचा आहे, अर्धवट भरलेल्या पोत्यासारखा अघळपघळ. सासरे गेले त्याला दीड वर्ष झालं. बोका अजून त्यांच्याच खुर्चीखाली झोपतो, आणि ती खुर्ची आम्ही कुणी हलवत नाही.

दोन महिन्यांपूर्वी त्याला पहिली फिट आली. मी घरी शिवणकाम करते, म्हणजे बायकांचे कपडे मापाला बसवून देते, सैल ते घट्ट आणि घट्ट ते सैल. त्या दिवशी मशीनवर होते. पायाशी टकटक ऐकू आली म्हणून खाली पाहिलं, तर बोक्याचे चारही पाय ताठ, तोंडाला फेस, आणि नखं फरशीवर वाजतायत. माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. नाक शर्टाच्या गुंडीएवढं, म्हणून आम्ही तिला गुंडी म्हणतो. ती त्याच्यासमोर बसून टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, हा तिच्यासाठी नाचतोय.

जनावरांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सकाळी नऊला एक, रात्री नऊला एक. "एकही बुडवायची नाही," ते म्हणाले. "एक बुडली तरी फिट परत येऊ शकते, आणि पुढची थांबेलच असं मी सांगणार नाही." गोळी वाटाण्याएवढी, वरून गुलाबी, आत पांढरी आणि बोक्याच्या मते विष. लोण्यात घातली, तर लोणी चाटून गोळी बशीच्या कडेला काढून ठेवली, आपण घासात लागलेला खडा ठेवतो तशी. उकडलेल्या अंड्यात लपवली, तर अंडं गेलं आणि गोळी माझ्या चपलेत सापडली. नवऱ्याने ती कुटून दुधात मिसळली. बोक्याने आधी दुधाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि उठून गेला.

"अपमान केला माझा," नवरा म्हणाला.

"त्याला अक्कल आहे," सासूबाई म्हणाल्या. "तू लहानपणी सरबत म्हणून दिलं की खोकल्याचं औषधसुद्धा प्यायचास."

शेवटी दवाखान्यातल्या कंपाउंडरने मला हाताला धरून शिकवलं. जबडा वर उचलायचा, गोळी जिभेच्या अगदी मुळाशी ठेवायची, तोंड मिटून धरायचं आणि गळ्यावरून हात फिरवत राहायचं. "ताई, गळा हलला म्हणजे गिळली असं समजू नका. हे लोक नाटकी असतात. गोळी खरंच खाली गेली की कुत्रा जीभ काढून नाक चाटतो. नाक चाटेपर्यंत हात सोडायचा नाही." मग त्याने माझ्या कडेवरच्या गुंडीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "रांगतं मूल आहे घरात. डबा उंच ठेवा. ही गोळी माणसाच्या पोराला झोपवते, आणि ती झोप कुठे थांबेल ते सांगता येत नाही."

डबा कपाटावर गेला. टाचण्यांची भीती मला आधीपासून होतीच. मी टाचण्या मोजून काढते, मोजून ठेवते आणि काम संपलं की फरशीवरून लोहचुंबक फिरवते. आता त्यात गोळीची भर पडली. सासूबाईंनी तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून काढली आहेत, त्यांना तोंडी कारभार चालत नाही. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी सुतळी बांधली आणि तिला कपडे वाळत घालायचा एक चिमटा लावला. सकाळची गोळी दिली की चिमटा उजवीकडे, रात्रीची दिली की डावीकडे. "दिली का, दिली का, असं एकमेकांना विचारायचं नाही," त्यांनी जाहीर केलं. "चिमटा सांगेल ते खरं."

मंगळवारी सकाळी नऊला मी बोक्याचं तोंड मिटून धरलं होतं. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. नवरा कामावर गेला होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो, आणि लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की त्याचा फोन लागत नाही. गुंडी चटईवर, गळ्यात लाळेरं. लाळेरी मी स्वतःच शिवते, खाली एक उघडा खिसा ठेवून, म्हणजे तोंडातून सांडेल ते त्यात पडतं. मी बोक्याच्या गळ्यावरून हात फिरवत होते. आणि बेल वाजली.

बँकेतल्या मॅडम होत्या. त्यांचा कोट टाचायचा होता, आणि त्यांना साडेनवाला कामावर पोचायचं होतं. बेल पुन्हा वाजली. बोक्याचा गळा हलला. हलला, मी पाहिलं. मी हात सोडला, जाता जाता चिमटा उजवीकडे सरकवला आणि दार उघडलं.

वीस मिनिटं लागली. खांदे, बाह्या, खालचा घेर. मॅडम आरशात वळून वळून बघत होत्या आणि मी गुडघ्यावर बसून तोंडात टाचण्या धरून "हूं, हूं" करत होते. त्या गेल्या. मी टाचण्या मोजल्या, चुंबक फिरवलं. सगळं जिथल्या तिथे. आणि मग गुंडीकडे पाहिलं.

ती खुर्चीपाशी बसली होती, बोक्याच्या नाकाला नाक लावून. तिने माझ्याकडे वळून तोंड वाकडं केलं, कडू लागल्यावर करतात तसं, आणि जीभ बाहेर काढली.

जीभ गुलाबी होती. जिभेचा असतो तो गुलाबी नव्हे. गोळीचा गुलाबी.

मी तिच्या तोंडात बोट घातलं. हिरड्या, गाल, टाळू. काही नाही. तिने तिच्या दोन दातांनी कडकडून चावा घेतला. हनुवटीवर गुलाबी लाळ. मी लाळेऱ्यानेच तिचं तोंड खसाखसा पुसलं, ते ओढून काढलं आणि मशीनवर फेकलं. फरशी पाहिली. चटई उलटली. बोक्याचा जबडा उघडून पाहिला. त्याने मान फिरवली आणि भिंतीकडे बघत राहिला. दाराशी चिमटा उजवीकडे होता.

"आई!"

माझा आवाज कसा निघाला असेल कोण जाणे, सासूबाई केसांतून पाणी गळत असताना तशाच बाहेर आल्या. मी काय सांगितलं ते आठवत नाही. त्यांनी गुंडीची जीभ पाहिली आणि मला काही न विचारता फोन उचलला. आधी नवऱ्याला. लागला नाही. मग बोक्याच्या दवाखान्यात. फोन माझ्या कानाशी धरला.

"डॉक्टर आत ऑपरेशनमध्ये आहेत, ताई," कंपाउंडर म्हणाला. मी सांगितलं. तो म्हणाला, "उलटी काढायला जाऊ नका. काही पाजू नका. गोळीचं पाकीट बरोबर घ्या आणि बाळाच्या डॉक्टरकडे जा, आत्ता. किती वेळ झाला?"

"माहीत नाही. वीस मिनिटं. जास्त. मला माहीत नाही."

मी कपाटावरच्या डब्यातलं एक पाकीट घेतलं, गुंडीला छातीशी घेतलं, एक चप्पल सापडली, दुसरी सापडेना. बोका ती शोधायला मदत करावी तसा मागे मागे येत होता.

"हा कुत्रा आजच्या आज घरातून गेला पाहिजे," मी म्हणाले. ओरडलेच. "मी परत येईन तेव्हा तो मला इथे दिसता कामा नये. कळलं?"

सासूबाईंशी मी असं कधी बोलले नव्हते. त्यांचा चेहरा हललाही नाही. "तू जा," त्या म्हणाल्या. "मी गोळी शोधते."

"काय शोधताय? तिच्या पोटात आहे ती!"

"असेल. नसेलही. डॉक्टर विचारतील तेव्हा काय सांगणार आहेस? जा."

बाळाच्या डॉक्टर आमच्यापासून दोन गल्ल्या आणि एक मोठा रस्ता एवढ्या अंतरावर. चालत दहा मिनिटं. मी पळत होते, एक पाय चपलेत, दुसरा नवऱ्याच्या सपातेत. तिसऱ्या घरापर्यंत गेले आणि गुंडीने जांभई दिली.

तिची झोपायची वेळ दहाची. रोज पावणेदहापासून डोळे चोळते, सव्वादहापर्यंत रडते, आणि मी खांद्यावर थोपटत म्हणत राहते, झोप गं राणी, झोप गं माझी बाई, तेवढ्या दीड तासात मला दोन ब्लाउज उसवायचे असतात. आता तिचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आणि मला कळेना, ही रोजची झोप की ती दुसरी. दोन्हींचं वजन सारखंच असतं.

"झोपू नकोस," मी म्हणाले. "ए गुंडे, इकडे बघ. झोपायचं नाही. आज अजिबात झोपायचं नाही." तिला हवेत उचललं, गाल ओढले, तळव्याला गुदगुल्या केल्या. तिने डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटले. मोठ्या रस्त्याशी सिग्नल लाल होता. गाड्या जात होत्या, एकीमागून एक, आणि माझ्या मानेवर तिचा श्वास यायचा, मग थांबायचा. थांबला की माझाही थांबायचा.

तिला एकच शब्द येतो. मी तो वापरला. "बो कुठाय?"

तिचं डोकं वर आलं. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "बो," ती म्हणाली.

"हो! बो कुठाय गं? कुठे गेला बो?"

"बो."

सिग्नल सुटला. रस्ताभर मी तेच ओरडत होते. ज्याला घराबाहेर काढा म्हणून सांगून आले होते, त्याच्याच नावाने मी माझं लेकरू जागं ठेवत होते. भाजीवाल्याने वळून पाहिलं. एक आजोबा काठी टेकून थांबले आणि, खरंच कुत्रा हरवला असेल असं वाटून, गाड्यांखाली वाकून बघायला लागले. मी भुंकलेसुद्धा. भर रस्त्यात, केस सुटलेले, पायांत दोन तऱ्हांची पादत्राणं, मी भू भू केलं. "बो," ती पुटपुटली. मग नुसते ओठ हलले. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मी विचारलं, "बो कुठाय?" आणि ती काहीच बोलली नाही.

डॉक्टरबाईंनी पुढचा पेशंट तसाच बाजूला बसवला. गुंडीला टेबलावर घेतलं आणि तळव्याला जोरात चिमटा काढला. ती कळवळून रडली. ते रडणं ऐकून मला हुंदका फुटला. डोळ्यांत बॅटरी मारली, छातीवर हात ठेवून घड्याळ बघत श्वास मोजले, पाकिटावरचं बारीक अक्षर चष्मा वर करून वाचलं.

"अख्खी गेली की थोडी?"

"माहीत नाही."

"गिळताना पाहिलीत?"

"नाही. जीभ रंगलेली पाहिली."

"आत्ता सुस्त आहे ती. तिची झोपायची वेळ कोणती?"

"हीच," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे बघा, अख्खी गोळी गेली असेल तर मला हिला मोठ्या हॉस्पिटलला हलवायला हवं, आणि ते आत्ताच. वाट बघण्यात अर्थ नाही." त्यांनी नर्सला गाडीसाठी फोन करायला सांगितलं. नर्स बाहेर गेली. मी गुंडीचा पाय धरून उभी होते. अंगठ्याएवढी टाच. मी मनात त्या टाचेशी काहीही बोलत होते. आता कधी चिडणार नाही. ब्लाउज राहू देत. जागी राहा, रात्रभर जागी राहा, महिनाभर जागी राहा.

माझा फोन वाजला.

"नीट ऐक," सासूबाई म्हणाल्या. तीस वर्षं अनोळखी लोकांना जोडून देताना जो आवाज असेल, तो आवाज. "मध्ये बोलू नकोस. गोळी सापडली. लाळेऱ्याच्या खिशात. डॉक्टरांना फोन दे."

मी फोन पुढे केला. डॉक्टरबाईंनी तो घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"मोडलेली आहे का?"

"नाही. वरचा रंग गेलाय. एका कडेला किंचित झिजलीय. आमच्याकडे दुसरं पाकीट होतं, त्यातली एक शेजारी ठेवून पाहिली. जाडी तेवढीच आहे, नखभर कमी."

"आजचीच कशावरून? कुत्र्याने आधी कधी थुंकलेली असेल."

"लाळेरं सकाळी आठ वाजता मी स्वतः दोरीवरून काढून तिला घातलं. धुतलेलं, इस्त्री केलेलं. तेव्हा खिसा रिकामा होता."

डॉक्टरबाईंनी चष्मा खाली घेतला. "आजी, तुम्ही कुठे काम करायचात?"

"ते नंतर सांगते. पोरगी कशी आहे?"

"चोखून थुंकली तिने. कडू लागली असणार." त्यांनी नर्सला हाक मारून गाडी नको म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या. "औषध आतल्या भागात असतं, रंगात नाही. थोडं गेलं असेल, म्हणून दोन तास मी हिला इथेच ठेवणार आहे. पण आता झोपू द्या."

झोपू द्या. किती सोपं. गुंडी मांडीवर क्षणात झोपली आणि मी दोन तास तिच्या छातीवर हात ठेवून बसले. प्रत्येक श्वासाला तळहात वर यायचा. जरा उशीर झाला की मी नर्सकडे बघायची आणि नर्स मान हलवायची, ठीक आहे, ठीक आहे. बारा वाजता ती उठली, मला ओळखलं, आणि भूक लागली म्हणून असा गळा काढला की बाहेरचे पेशंट हसले.

घरी आले तर दार नुसतं लोटलेलं. सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या, सासऱ्यांच्या खुर्चीला टेकून. गेली दोन वर्षं गुडघ्यांमुळे त्या जमिनीवर बसलेल्या नाहीत. दुसरं पाकीट, साखळी, पिशवी सगळं हाताशी घेऊन गोळी शोधायला खाली उतरल्या आणि मग उठता आलं नाही. फोनसुद्धा तिथूनच केला होता, मशीनवरचं लाळेरं शिलाईच्या पट्टीने खाली ओढून. शेजारी बोका. त्याच्या गळ्यात साखळी. साखळीजवळ एक पिशवी, तिच्यात त्याची वाटी, त्याचा गोधडीचा तुकडा, उरलेल्या गोळ्या.

"बहिणीला फोन केलाय," त्या गुंडीला कुशीत घेऊन, तिच्या केसांत तोंड खुपसून म्हणाल्या. "चारला येते घ्यायला. तू म्हणालीस ते बरोबरच आहे. पोरीपुढे काही नाही."

मी काही बोलणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "पण त्याची सकाळची गोळी राहिली गं. कंपाउंडर म्हणाला, सापडल्या सापडल्या दुसरी द्या. माझ्या बोटांत जोर नाही. दोनदा प्रयत्न केला, दोनदा टाकली. आणि मघापासून त्याचा मागचा पाय थरथरतोय."

मी पाहिलं. मागचा डावा पाय. फरशीवर नख वाजत होतं, अगदी हळू.

"बो," गुंडी म्हणाली आणि आजीच्या मांडीवरून खाली सरकायला लागली.

"धरा तिला," मी म्हणाले. पिशवीतून पाकीट काढलं, एक गोळी हातावर घेतली. तेवढा वाटाणा, आणि मला तो हातात धरवेना. हात धुवावेत असं वाटलं. मग मी गुडघ्यावर बसले, आधी साखळी सोडली, कारण साखळीत मान वर होत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. जबडा उचलला. गोळी जिभेच्या मुळाशी. तोंड मिटलं. गळ्यावरून हात. बोका माझ्याकडे बघत होता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून, आणि पाय वाजत होता.

गळा हलला. मी हात सोडला नाही.

बेल वाजली.

दोघींनीही दाराकडे पाहिलं नाही. बेल पुन्हा वाजली, मग दार ढकललं गेलं आणि नवरा आत आला, अंगावर ग्रीसचे डाग, हातात फोन. "तेवीस मिस्ड कॉल! काय झालंय काय? कुणी बोलेल का माझ्याशी?"

"थांब!" आम्ही एकदम ओरडलो.

तो उंबऱ्यातच उभा राहिला. माझ्या बोटांखाली बोक्याचा गळा पुन्हा हलला, आणि मी तरीही धरून राहिले, माझा हात दुखायला लागला तरी. मग त्याच्या ओठांच्या फटीतून जीभ बाहेर आली, वर गेली आणि नाकावरून सावकाश फिरली.

"चाटलं," सासूबाई म्हणाल्या.

"परत चाटू दे," मी म्हणाले. त्याने परत चाटलं. तेव्हा कुठे मी सोडलं. पाय अजून थरथरत होता. मी त्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. "मावशींना फोन करून सांगा, येऊ नका म्हणून," मी सासूबाईंकडे न बघता म्हणाले. पिशवीतली गोधडी काढून त्यांनी खुर्चीखाली सारली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उभा काय राहिलास खांबासारखा? चिमटा उजवीकडे आहे का बघ. आणि मला उठव."

गुंडी बोक्यासमोर बसली होती. त्याच्या नाकाकडे टक लावून पाहत तिने जीभ बाहेर काढली आणि वर न्यायचा प्रयत्न केला. नवरा हसला. मी नाही हसले. मी तिच्या तोंडात बोट घातलं आणि सगळीकडून फिरवलं, हिरड्या, गाल, टाळू.

रिकामं होतं. तिने चावलं. मी बोट काढलं नाही.